काट्याच्या अलीकडे

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारा आता मी एकटाच उरलोय, आणि मीसुद्धा वर्षातून एखाद्या वेळी, रागावलो तरच. बाकी सगळ्यांची ती चिमटाताई. नवीन पोस्टमन आला की पाकिटावरचं नाव वाचून डोकं खाजवत गल्लीत उभा राहतो. मग कुणीतरी खिडकीतून ओरडतं, "अहो, चिमटाताईंचं पत्र ते!" आणि त्याचा जीव भांड्यात पडतो.

हातभर लांबीचा लोखंडी चिमटा गेली सव्वीस वर्षं तिच्या उजव्या हातात आहे. नगरपालिकेच्या शेडमध्ये ती कचरा निवडते. निवडते म्हणजे घरात धान्य निवडतात तसंच. काच वेगळी, कागद वेगळा, पत्रा वेगळा, प्लॅस्टिकच्या तर सहा जाती. आपल्याला बाटली दिसते, तिला बाटली, बूच आणि बाटलीवरचा कागद अशा तीन वस्तू दिसतात.

माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नातली गोष्ट. जेवणं उरकली आणि ही मांडवामागे गायब. विहीणबाई तिला शोधत मागे गेल्या, तर ही नव्या कपड्यांवर जुना ॲप्रन बांधून पिंपापुढे बसलेली.

"तुम्ही कुणाकडच्या?" विहीणबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं, आचाऱ्याचं माणूस असेल.

"मी नवरदेवाची सख्खी आत्या," ती म्हणाली. "पण तुमच्या माणसांनी कागदी पेल्यांत उष्टं ओतलंय हो. आता तो कागद कुणाच्या कामाचा राहिला का?"

विहीणबाई आजही आमच्या घरी आल्या की चहाचा कप विसळूनच खाली ठेवतात.

तर ही बाई या धंद्यात आली ती बटणांपायी. आमचे भावोजी शिंपी आहेत. कोट उसवून पुन्हा नवा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण जुन्या कोटाला जुळणारं बटण मिळवणं म्हणजे वाघिणीचं दूध आणणं. मी तेव्हा घंटागाडी चालवायचो. एके दिवशी ताई मला म्हणाली, "दादा, लोक जुने कपडे टाकून देतात, त्यांची बटणं कुठं जातात?"

"खड्ड्यात."

"सगळी?"

"मग काय, परत दुकानात जाऊन बसतात?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी गाडीत बसून खड्ड्यावर आली. तीन तासांनी वर आली ती बरणीभर बटणं घेऊन. त्याच्या पुढच्या आठवड्यात बरण्या. मग रद्दी, मग पत्र्याचे डबे. भावोजी म्हणायचे, "मी बायकोला बटणं आणायला सांगितली, तिनं दुकानच उचलून आणलं." वर्षभरानं नगरपालिकेनं खड्ड्याशेजारी पत्र्याची शेड उभी केली आणि सहा बायका कामाला घेतल्या. त्यात पहिलं नाव हिचं. आता चौदा बायका आहेत आणि ही त्यांची मुकादम.

कचऱ्यावरून तिला सगळं गाव कळतं. कुठल्या गल्लीत बाळ झालं, कुणी सिगारेट सोडली, कुणी सोडली म्हणून घरी सांगितलं आणि सोडली नाही. पण तिचा एक नियम आहे. कचऱ्यातलं कचऱ्यातच राहायचं. एकदा तिला दातांची कवळी सापडली. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक तीन दिवस पेज पिऊन राहिले होते, हे तिला आधीच्या तीन दिवसांच्या पिशव्यांवरून ठाऊकच होतं. तिनं कवळी उकळून, स्वच्छ कागदात बांधून त्यांच्या दारात ठेवली आणि कडी वाजवून निघून आली. मुख्याध्यापक अजूनही सांगतात की कवळी मांजरानं नेली होती आणि मांजरानंच आणून दिली. ताई समोर बसून "अगंबाई, गुणी मांजर!" म्हणते.

हे सगळं सुखानं चाललं होतं, आणि तेवढ्यात आमचा खड्डा भरला.

खड्डा भरणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण घरातलं पिंपसुद्धा वाहायला लागल्याशिवाय आपण नळ बंद करत नाही. नगरपालिकेनं समिती नेमली. समितीसमोर तीन रस्ते होते. एक, सगळा कचरा सत्तर किलोमीटरवरच्या मोठ्या खड्ड्यात पाठवायचा, जिथं दहा गावं आपला कचरा पाठवतात. दोन, कचरा जाळायची भट्टी बांधायची. तीन, आपलीच शेड वाढवायची, ओल्याचं खत करायचं, सुकं निवडून पुन्हा वापरात पाठवायचं आणि उरेल तेवढंच लांबच्या खड्ड्यात. पहिले दोन रस्ते धरले तर शेडला कुलूप आणि चौदा बायका घरी. त्यातल्या नऊ जणींचं घर त्यांच्या एकटीच्या हातावर. ताई वरून हसत होती, पण त्या दिवसांत तिचं वजन उतरलं. भावोजींनी तिचा ॲप्रन दोनदा आत घेतला, तेव्हा मला कळलं.

समितीनं ठरवलं की आधी डोळ्यांनी पाहू. अध्यक्ष, नऊपैकी चार सभासद, नगरपालिकेची तरुण इंजिनिअर बाई आणि शेडतर्फे ताई. ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून मला, निवृत्त माणसाला, घरून बोलावून गाडीवर बसवलं. म्हणजे मी ऐकीव सांगत नाही.

आधी लांबचा खड्डा. गाडीतून उतरून अध्यक्षांनी चहूकडे पाहिलं. "खड्डा कुठाय?"

तिथला राखणदार म्हातारा म्हणाला, "साहेब, तो भरून बारा वर्षं झाली. तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे आहात."

म्हातारा मोठा गमत्या होता. कचऱ्यातून आपोआप उगवलेले टोमॅटो त्यानं कुंपणाला बांधले होते. त्यानं सगळ्यांना एकेक देऊ केला. माझ्याखेरीज कुणी खाल्ला नाही. चांगला होता. ताई मात्र चिमट्यानं जमीन उकरत फिरत होती. परत येऊन हळूच म्हणाली, "दादा, वीतभर खाली वर्तमानपत्र आहे. तारीख वाचता येते. कागद कुजलासुद्धा नाही, नुसता कोंडून मेलाय."

मग भट्टी. ती एका मोठ्या शहरात होती, आणि खोटं कशाला बोलू, देखणी होती. चकचकीत नळ्या, फरशीवर डाग नाही, आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. आमच्यातले एक सभासद पहिल्या नजरेतच तिच्या प्रेमात पडले. तेव्हापासून त्यांना मी भट्टीवाले सभासदच म्हणतो.

तिथला माहिती देणारा म्हणाला, "इथं कचरा संपतो."

"संपतो म्हणजे?" ताईनं विचारलं.

"जळतो."

"आणि राख?"

"राख थोडी उरते. चार पोती टाकली तर एक पोतं."

"ते कुठं टाकता?"

"खड्ड्यात."

"म्हणजे खड्डा पाहिजेच."

"बाई, बारीकसारीक प्रश्न नंतर," भट्टीवाले सभासद म्हणाले.

"साहेब, पोतं बारीक नसतं," ताई म्हणाली आणि पुन्हा त्या माणसाकडे वळली. "ओला कचरा जळतो का हो?"

"ओल्याला वरून तेल ओतावं लागतं."

"आणि दिवसाला किती लागतो तुमच्या भट्टीला?"

"सगळ्यांत लहान भट्टी घेतली तरी बारा टन. कमी पडला तर ती थंड होते."

"आमच्या गावचा सगळा मिळून आठ होतो."

"मग शेजारच्या गावांकडून मागवा की."

येताना गाडीत ताई बोटांवर टनांचा हिशेब करत होती. मग म्हणाली, "पाहुण्यांसाठी चूल पेटवतात हे ठाऊक होतं दादा. चुलीसाठी पाहुणे बोलवायचे हे आज पहिल्यांदा ऐकलं." मागच्या सीटवर इंजिनिअर बाईंना हसू फुटलं. त्यांनी ते खोकला म्हणून खपवलं.

शेवटी राहिली आमची शेड. शेडसाठी इंजिनिअर बाईंनी ठरवलं की सात दिवस मोजायचं. शेडच्या आवारात वजनकाटा आहे, अख्खी गाडी वर उभी राहील एवढा. आत येणारी प्रत्येक गाडी काट्यावर घ्यायची आणि निवडून उरलेला कचरा बाहेर जाताना पुन्हा काट्यावर. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे शेडचं काम. हिशेब सरळ. तसं पत्रक निघालं. "गाडी जशी येईल तशीच काट्यावर आणावी, आधी काहीही काढू नये." खाली मुकादमाची सही. ताईनं वाचलं, सही केली, पत्रक दाराला टाचलं.

आता त्या आवाराची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रस्त्यावरून आत वळलं की आधी डाव्या हाताला खताचे खड्डे. मग भिंतीला वळसा. वळशापलीकडे काटा, काट्याची केबिन आणि मग शेड. खड्डे आधी का? तर ते आधी खणले, काटा आला तीन वर्षांपूर्वी. त्यामुळे वर्षानुवर्षांची रीत अशी की गाड्या आत वळल्या की खड्ड्यांपाशी रांग लावतात. बायका तिथंच ओल्याचे डबे उतरवून खड्ड्यात रिकामे करतात. गाडी उभीच आहे तर फळीवर चढून वरवरचे पुठ्ठे, मोठ्या बाटल्या, पत्रा हेही काढून बाजूला टाकतात. मग हलकी झालेली गाडी वळसा घालून पुढे जाते. शेड लहान, सगळं आत ओतलं तर पाय ठेवायला जागा उरायची नाही, म्हणून ही सोय.

मोजणीचा आठवडा सुरू झाला. इंजिनिअर बाई रोज सकाळी येऊन केबिनमध्ये काट्यासमोर बसायच्या. पाठ भिंतीकडे, डोळे आकड्यांवर. आणि आमच्या बायकांनी काय केलं? पाहुणे घरात बसलेत म्हटल्यावर कुठल्याही घरची बाई करेल तेच केलं. आतमध्ये पसारा दिसू नये म्हणून बाहेरच दुप्पट जोरानं उपसलं! एरवी तीन डबे उतरायचे तिथं पाच. थोरली म्हणून आमची एक जुनी निवडणारी आहे, पासष्टीच्या पुढची. ती तर फळीवरून खाली उतरेचना. "पोरींनो, बाईंना शेड आरशासारखी दिसली पाहिजे!" आणि दिसली. सात दिवस शेड अशी लख्ख की जमिनीवर बसून जेवावं.

पत्रक सगळ्यांनी वाचलं होतं. पण रांगेतली निवड म्हणजे काही 'काढणं' आहे हे एकीच्याही मनात आलं नाही. श्वास घेणं हे काम आहे असं कुणाला वाटतं का?

पंधरा दिवसांनी नगरपालिकेच्या सभागृहात अहवाल वाचायचा होता. बघायला आलेल्या लोकांसाठी मागे बाकं होती, तिथं आम्ही बसलो. मी, ताई, भावोजी आणि ॲप्रन काढून नीटनेटक्या होऊन आलेल्या तेरा जणी. ताईची खात्री होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ आता."

इंजिनिअर बाई स्वच्छ आवाजात वाचू लागल्या. लांबचा खड्डा, त्याचे फायदे, तोटे. भट्टी, तिचे फायदे, तोटे. मग शेड. "दररोज शेडमध्ये येणारा कचरा सरासरी चार टन. निवडून उरणारा तीन टन. म्हणजे शेडमुळे फक्त एक चतुर्थांश कचरा कमी होतो. शिवाय गावाचा कचरा आठ टन धरला तर निम्मा कचरा शेडपर्यंत पोचतच नाही. तो परस्पर कुठंतरी टाकला जात असावा." शेडचा नंबर तिसरा.

भट्टीवाले सभासद खुर्चीत मागे रेलले.

ताईचा चेहरा पाहिला तर पिठासारखा. "दादा, आठातले चार? चार टन तर माझ्या बायका पहिल्या चहाच्या आत..." आणि ती मध्येच थांबली. तिनं तळहात कपाळावर मारला. त्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंत गेला. "मेले! खड्डे काट्याच्या अलीकडे आहेत!"

भावोजींना मुद्दा लगेच कळला. कापड मापायच्या आधीच कापलं तर काय होतं हे शिंप्याला शिकवावं लागत नाही. ते वाकून कुजबुजले, "उभी राहा. पण पत्रकाखाली सही तुझी आहे, हे ध्यानात ठेव. मुकादमी जाईल."

"बोलले नाही तर शेड जाईल."

"म्हणून तर उभी राहा म्हणतोय."

ती उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मागच्या बाकांवरून बोलायचं तर परवानगी लागते."

"तीच मागायला उभी आहे, साहेब. गुडघे दुखतात, लवकर द्या."

सभागृह हसलं, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. अध्यक्षांनी हात केला.

"बाईंचा आकडा खरा आहे," ताई म्हणाली. "बाई काट्यापुढून हलल्या नाहीत, मी पाहिलंय. चूक माझी आहे. आम्ही ओला कचरा काट्याच्या आधीच उतरवला, आणि सुक्यातलाही बराच. वर्षानुवर्षं तसंच करतो. पत्रकात करू नका म्हणून लिहिलं होतं, मी सही केली होती, आणि तरी केलं. माझ्या बायकांनी माझं ऐकलं. त्यांना काही बोलू नका."

इंजिनिअर बाईंनी कागद खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. "खड्डे काट्याच्या अलीकडे आहेत?"

"तुम्ही रोज त्यांच्यावरूनच यायचात, बाई. नाकाला रुमाल लावून, भराभर."

पुन्हा हशा. भट्टीवाले सभासद उठले. "हे चालणार नाही. परीक्षेत नापास झालं की पेपर पुन्हा द्यायचा का?"

"पेपर आम्ही पुरा लिहिला होता, साहेब," ताई म्हणाली. "बाईंच्या हाती जायच्या आधी निम्मी पानं खतात घातली, एवढंच."

अध्यक्षांनी इंजिनिअर बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, ही पोरगी आता चिडणार. भर सभेत तिचा अहवाल फुकट गेला होता. पण ती म्हणाली, "मला निम्म्या गावाचा कचरा सापडत नव्हता, म्हणून मी लोकांवर आळ घेतला. तो मला खोडावा लागेल. पुन्हा मोजू. या वेळी मी रस्त्यावर उभी राहीन."

सात दिवस मिळाले. मी आयुष्यात पुष्कळ मजा पाहिल्या, पण त्या आठवड्यासारखी नाही. चौदा बायका ओळीनं उभ्या, हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. समोर भरलेली गाडी. वर लखलखीत बाटल्या, कोरे पुठ्ठे. आणि कुणी हात लावायचा नाही! एकीला तर घाम फुटला. "ताई, बघवत नाही गं. मी तोंड फिरवून उभी राहते."

"फिरव," ताई म्हणाली. तिचेही हात पाठीमागे होते. चिमटा तिनं भावोजींकडे सांभाळायला दिला होता.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा धीर सुटला. गाडी वळशाकडे निघाली तशी तिनं पळत जाऊन कडेची एक बाटली उपसली. इंजिनिअर बाई चार पावलांवर.

"आजी," बाई म्हणाल्या, "ती परत ठेवा."

गाडी तोवर पंधरा पावलं पुढे गेलेली. थोरलीनं नेम धरला आणि बाटली अशी भिरकावली की थेट गाडीच्या मधोमध. चालकानं आरशात पाहून हॉर्न वाजवला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ताईनं मान लांब करून पाहिलं तर लिहिलं होतं, "एक बाटली, परत."

पण गंमत बाजूला ठेवली तर हाल झाले. सगळा ओला कचरा काट्यावरून शेडमध्ये, मग ढकलगाडीतून पुन्हा मागे खड्ड्यांकडे. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये गुडघाभर कचरा, वास डोळ्यांत जायला लागला, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. चालक ओरडायला लागले. भावोजी दुकान बंद करून ढकलगाडी ओढायला आले. मी गाड्या मागे घेऊन देत होतो. मागे जाण्यात माझा हात अजून बसलेला आहे. इंजिनिअर बाई पहिल्या दिवशी रुमाल लावून आल्या, दुसऱ्या दिवशी रुमाल गळ्यात, चौथ्या दिवशी बूट चढवून ढकलगाडीच्या दुसऱ्या दांडीला. ताई म्हणाली, "बाई, तुम्ही मोजायच्या, ओढायच्या नाहीत."

"गाडी काट्यावरून उतरली की माझं मोजणं संपलं," बाई म्हणाल्या. "आता ओढायला हरकत नाही."

पाचव्या दिवशी ताईला धाकधूक लागली. संध्याकाळी घरी येऊन बसली. चहा समोर निवत होता. "दादा, समज एवढं करूनही आकडा कमीच निघाला तर? आपल्याला वाटतं आपण पुष्कळ करतो. सव्वीस वर्षांत मोजून कुणी पाहिलंय? मीच स्वतःला फसवत असले तर?"

मी नेहमीप्रमाणे एखादी गोष्ट सांगणार होतो, पण मला एकही सुचली नाही. मी म्हटलं, "मग कळेल. कळलेलं बरं."

"हो," ती म्हणाली आणि गार चहा पिऊन टाकला.

सात दिवसांचे आकडे आले. आत रोज आठ टन आणि वर थोडं. बाहेर तीन. पाच टन दररोज शेडमध्ये जिरत होते, तीन खतात आणि दोन पुन्हा वापरात. इंजिनिअर बाईंनी तिन्ही रस्ते पुन्हा शेजारी शेजारी मांडले. सगळंच लांबच्या खड्ड्यात नेलं तर दिवसाला दोन फेऱ्या. शेड ठेवली तर एकच, तीही पूर्ण भरत नाही. भट्टीला बारा टन हवा. शेड असताना तिच्या वाट्याला तीन येतो, आणि शेड बंद केली तरी आठच, त्यातही तीन ओला. भट्टी वाईट नाही, बाईंनी लिहिलं, पण ती मोठ्या शहराच्या मापाची आहे, आमच्या अंगाला ढगळ होते. भावोजींना हे वाक्य फार आवडलं. ते अजून गिऱ्हाइकांना ऐकवतात.

लांबचा खड्डा मात्र सुटला नाही. तीन टन राहतातच. चपला, फाटक्या गाद्या, नाना थरांची चकचकीत पाकिटं. ताईला ते तीन टन डाचतात, पण तिनं सभेत स्पष्ट सांगितलं, "सगळं आम्ही निवडू असं म्हणणार नाही. ज्याचं काही होत नाही त्याला जागा लागतेच."

हात वर झाले. शेडच्या बाजूनं सात, विरुद्ध दोन. बायकांनी टाळ्या वाजवल्या, थोरली रडली, आणि मग अध्यक्षांनी दुसरा कागद काढला. लेखी सूचना मोडल्याबद्दल मुकादमाला सहा महिने पदावरून दूर करण्यात येत आहे. कामावर राहता येईल, साधी निवडणारी म्हणून. इंजिनिअर बाई काही बोलायला उठल्या, पण ताईनंच त्यांना हातानं बसवलं. "बरोबर आहे, साहेब. नियम केला तो नुसता पाळणाऱ्यांसाठी नसतो, मोडणाऱ्यांसाठीही असतो."

तिच्या जागी तेरा जणींतली चष्मेवाली मुकादम झाली. पोरगी शिस्तीची. तिनं पहिलं काम केलं ते काटा उचलून रस्त्याच्या वळणावर, खड्ड्यांच्याही आधी बसवण्याचा अर्ज. तो मंजूर झाला. आता आधी वजन, मग सगळं.

सहा महिने संपले तेव्हा अध्यक्ष स्वतः शेडवर आले. मीही गेलो होतो, घरी बसून करायचं काय? ताई लांब टेबलाशी उभी होती. एका हातानं पांढरा कागद, दुसऱ्या हातानं छापील, बोलता बोलता दोन ढीग वाढत होते.

"चिमटाताई, या आता परत मुकादमीवर," अध्यक्ष म्हणाले.

"नको, साहेब."

"रागावलात?"

"छे! वीस वर्षं माझा अर्धा दिवस सह्या करण्यात गेला. या सहा महिन्यांत मी जेवढं निवडलंय तेवढं आधी दोन वर्षांत निवडलं नसेल." तिनं एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "हे बघा. आतला थर चांदीसारखा, बाहेरचा कागद. सगळे म्हणतात याचं काही होत नाही. कोमट पाण्यात तासभर ठेवलं की थर सुटायला लागतात. अजून नीट जमत नाही. पण त्या तीन टनांत हे रोज पोतंभर असतं."

अध्यक्ष वाकून बघायला लागले. बघता बघता त्यांनी सुटलेली कड नखानं ओढायचा प्रयत्न केला.

"असं नाही, साहेब," ताई म्हणाली. "फाटेल. बाह्या वर करा आधी."